तंबोऱ्याला पडदे नसतात

चौथीतला तो मुलगा छापून आलेल्या पानांकडे बराच वेळ बघत राहिला. मग एक पान उचलून त्याने आमच्यापुढे धरले आणि म्हणाला, "टीचर, यो तंबोरा नै है. इसको पडदे हैं. यो तो सितार हुई."

त्याचे वडील मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कामाला जातात. सतारीच्या दांडीवर पडदे असतात, तंबोऱ्याला नसतात. तंबोऱ्याच्या चार तारा मोकळ्याच छेडायच्या. हे त्या पोराला चालायला लागल्यापासून ठाऊक. मजकूर आम्ही लिहिला होता, म्हणजे आम्हालाही ठाऊक होते. ज्याने पुस्तकाची चित्रे आणि मांडणी केली त्याला मात्र ठाऊक नव्हते, आणि त्याने विचारलेही नव्हते. पाचशे प्रतींची आतली पाने छापून झाली होती, फक्त पिना मारायच्या राहिल्या होत्या.

दोष आमचाही होताच. प्रूफ आम्ही मोबाइलवर पाहिले. काना-मात्रा तपासल्या, नुक्ते तपासले. चित्रांवरून नजर फिरवली आणि "माशाअल्लाह, छान" असे लिहून पाठवून दिले. ती पाने पुढे वर्षभर शाळेत चिठ्ठ्या लिहायला वापरली गेली. वर्गणी देणाऱ्यांना हिशेब सांगताना जी मान खाली गेली, ती अजून आठवते.

हे सगळे सांगण्याचे कारण आहे. आपल्या घरांत लिहिणारे पुष्कळ आहेत. कुणी मुलांसाठी कविता करतो, कुणी आजीकडून ऐकलेल्या कहाण्या वहीत उतरवून ठेवतो, आणि एक दिवस पदरचे पैसे घालून पुस्तक काढायचे ठरते. लिहून झाले म्हणजे पुस्तक झाले असे वाटते. मग प्रश्न येतो की डिझायनर कोण? आणि उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: कोपऱ्यावरचा डीटीपीवाला, जो शादीच्या पत्रिका आणि निवडणुकीचे फ्लेक्स करतो. आम्हीही तिथेच गेलो होतो.

आम्ही म्हणजे दोन शाळांतले चार शिक्षक. दोघे उर्दू शाळेत शिकवतात, दोघे मराठी शाळेत. पुस्तकाची कल्पना निघाली ती वर्गाच्या पेटीतून. पेटीत माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' होते. मुली ते पुस्तक फाटेस्तोवर वाचत. एकीने एकदा विचारले की असे आपल्या घराचे पुस्तक नसते का? प्रश्न साधा होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. आपल्या मुलांना मराठी गोष्टीच्या पुस्तकात आपले घर सापडते ते बहुतेक ईदच्या पानावर. शिरखुर्मा, टोपी, चंद्र, आणि पान उलटले की संपले. रोजचे घर, कामाला जाणारे अब्बा, चुलीशी बसलेली दादी, सांडलेला चहा, हे कुठे सापडत नाही.

मिरजेत असे एक रोजचे घर आमच्या डोळ्यांसमोरच होते. हत्यारांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि आज सतारमेकर हेच त्यांचे आडनाव आहे. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. पंढरपूरकडून भोपळे येतात, सुकवून छताला टांगलेले असतात, खाली बसून माणसे तबली बसवतात, जवारी काढतात. भोपळ्याचा तंबोरा कसा होतो, ही गोष्ट एका लहान मुलीच्या डोळ्यांनी आम्ही लिहिली. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही.

दोन्ही का, तेही सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. आपल्या कितीतरी घरांत एक मूल उर्दू शाळेत आणि दुसरे मराठी किंवा सेमी-इंग्रजीत असते. दादी उर्दू वाचते, नातवाला उर्दू येत नाही. नात मराठी फाडफाड वाचते, दादीला देवनागरी लागत नाही. एकाच घरातली ही दोन माणसे एका मांडीवर एक पुस्तक घेऊन बसावीत, एवढीच आमची इच्छा होती.

पहिल्या डिझायनरने काय केले? वाईट माणूस नव्हता तो. मजकूर मिळाल्यावर त्याने मुखपृष्ठ हिरवे केले. वर घुमट, मिनार, चंद्रकोर. आत प्रत्येक पुरुषाला जाळीची टोपी आणि अरबांसारखा लांब झगा. कारखान्यात बसून रंधा मारणारा माणूस झगा घालून कसा बसेल? नेटवरून उचललेली चित्रे होती ती, मोठी केली म्हणून धूसर झालेली. मुलीची दादी तर कुठल्याशा वाळवंटात बसली होती, मागे खजुराचे झाड. आणि तो आपल्यातलाच होता, आपल्याच मोहल्ल्यातला. ही गोष्ट मुद्दाम लिहीत आहोत. कारण दुसऱ्यांदा शोधायला निघालो तेव्हा कमिटीतल्या एका बुजुर्गांचा आग्रह होता की डिझायनर आपलाच हवा, बाहेरच्याला आपले घर काय कळणार? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आम्ही नाकारत नाही. पण ज्याला आपले घर रोज दिसते, त्यालाही संगणकापुढे बसल्यावर घुमटच आठवले. डोळे आपले असून चित्र दुसऱ्याने काढून ठेवलेले होते.

दुसऱ्या वेळी आम्ही वेगळी वाट धरली. मुलांना आवडलेली पुस्तके पेटीतून बाहेर काढली. ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका, प्रथम बुक्स, एकलव्य यांची होती. प्रत्येकाचे ते बारीक अक्षरातले पान उघडले जे कुणी वाचत नाही. तिथे लिहिलेले असते की चित्रे कुणाची, मांडणी कुणाची. हे दोन वेगळे हुन्नर आहेत, हे आम्हाला तिथे प्रथम नीट समजले. चित्रकार चित्र काढतो. मांडणी करणारा ठरवतो की कोणते वाक्य कुठल्या पानावर येईल, अक्षर केवढे असेल, चित्राला श्वास घ्यायला जागा कुठे राहील, पान उलटायच्या आधी मुलाच्या मनात काय राहील. कधी दोन्ही कामे एकच माणूस करतो, कधी दोघे मिळून करतात. पत्रिका करणाऱ्याला एका पानात सगळे बसवायची सवय असते. मुलांच्या पुस्तकात पानामागून पान येते, आणि गोष्ट त्या उलटण्यात असते.

मोठ्या शहरातल्या एका संस्थेला विचारले. त्यांचे काम देखणे होते, पण त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या छपाईच्या खर्चापेक्षा जास्त होती. एका नातेवाईकाच्या मुलाने संगणकाला सांगून दहा मिनिटांत बारा चित्रे करून आणली. रंग असे की डोळे दिपावेत. मात्र तंबोरा धरलेल्या हाताला सहा बोटे, आणि एका पानावर कारखान्यात चक्क पांढरी घोडी उभी! आमच्या मजकुरात वाक्य होते की चाचांनी घोडीवर तारा चढवल्या. वाद्याच्या तबलीवर ज्या छोट्या पट्टीवरून तारा जातात तिला घोडी म्हणतात. यंत्राला ती खरीच वाटली. आम्ही खूप हसलो. पण त्या घोडीने आम्हाला एक कसोटी दिली. यापुढे जो कुणी येईल त्याला मजकूर द्यायचा, काही समजावून सांगायचे नाही, आणि तो काय विचारतो ते बघायचे.

तिघांना दिला. एकाने विचारले पाने किती आणि पैसे किती. रास्त प्रश्न आहेत, पण तेवढेच विचारले. दुसऱ्याने स्वतःच्या जुन्या कामाचे फोटो पाठवले. तिसरी एक मुलगी, कोल्हापूरला उपयोजित कला शिकलेली. तिचा फोन चौथ्या दिवशी आला. म्हणाली, "सर, ही घोडी कुठली? आणि हे पुस्तक कुणाच्या मांडीवर वाचलं जाणार आहे?"

आम्ही तिथेच ठरवले. तरी पाण्यात उडी मारली नाही, एकदा पोळलेलो होतो. आधी एकच जोडपान करून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या, मग पुढचे बोलू, असे तिला सांगितले. सर्वांना आमचा हाच सल्ला राहील. नमुना फुकट मागू नये. फुकट मागितलेला नमुना जुन्या कामातून उचलूनच येतो, आणि त्यात त्या माणसाचे खरे डोके दिसत नाही.

ती एसटीने आली आणि दोन दिवस सतारमेकर गल्लीत बसली. कारखान्यातल्या चाचांनी तिला पहिल्याच तासाला भोपळ्याची धूळ झटकायला लावली. तिने वहीत पेन्सिलीने रेखाटने केली. माणसांची कमी, हातांची जास्त. पटाशी धरलेला हात, जवारी काढताना घोडी घासणारा हात, तारेखाली सूत सरकवणारी दोन बोटे. दुपारी आमच्यापैकी एकीच्या घरी जेवली आणि तिथल्या दादींना म्हणाली, गोष्ट वाचून दाखवा. तिला उर्दू वाचता येत नाही. दादी वाचत होत्या आणि ती कागदावर छोट्या रेघा मारत होती, दादींनी जिथे श्वास घेतला तिथे रेघ. मग नातवाला मराठी वाचायला लावले, पुन्हा रेघा. संध्याकाळी तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. आमच्या भाषांतरात मराठी वाक्ये लांब होती, उर्दू आखूड होती. दादी पानाच्या शेवटी पोहोचत तेव्हा नातू अजून मध्येच असे. "दोघं एकाच वेळी पान उलटणार कसे?" तिने विचारले. ती रात्र आम्ही मराठी मजकूर कापण्यात घालवली. भाषा शिकवणाऱ्या आम्हा चौघांना हे दिसले नव्हते. भाषा न येणाऱ्या मुलीला दिसले.

यानंतर खरी अडचण आली. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे उलटते, उर्दू पुस्तक उजवीकडून डावीकडे. एका पुस्तकात दोन्ही घालायचे तर वाकायचे कुणी? उर्दूवाले दोघे म्हणाले की दरवेळी उर्दूनेच का वाकावे. मराठीवाले म्हणाले की पुस्तक मराठी घरांतही जाणार आहे. चहा थंड झाला, आवाज थोडे चढले. एक उपाय असतो की दोन्ही टोकांनी दोन मुखपृष्ठे करायची, अर्धे पुस्तक इकडून, अर्धे तिकडून. पण मग दादी एका टोकाला आणि नातू दुसऱ्या टोकाला, आमचा हेतूच गेला. दुसरा उपाय म्हणजे दोन वेगळी पुस्तके आणि उर्दूसाठी चित्रे आरशासारखी उलटी करायची. तिने तेही करून दाखवले. चित्र उलटे केल्याबरोबर चाचा डावखुरे झाले आणि दुकानाची पाटी वाचता येईना. तंबोऱ्याच्या खुंट्याही बाजू बदलून बसल्या. त्या पोराने तेही पकडले असते.

दोन आठवड्यांनी ती एक कागदाची घडी घेऊन आली. पुस्तक तिने वरून बांधले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरसारखे, पान खालून वर उलटायचे. ना डावीकडे, ना उजवीकडे. वरच्या पानावर चित्र, खालच्या पानावर मजकूर. मराठी ओळ डावीकडून निघते, उर्दू ओळ उजवीकडून निघते, आणि दोन्ही मधल्या मोकळ्या जागेपाशी थांबतात. कुणालाच वाकावे लागले नाही. आणि पुस्तक पूर्ण उघडले की दोन पाने मिळून उंच, अरुंद जागा तयार होते. तिथे शेवटच्या पानावर तंबोरा उभा राहिला, खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, भोपळा मुलीच्या मांडीशी आणि खुंट्या पार वर. पडदे नसलेला.

आग्रह धरणारे ते बुजुर्ग बराच वेळ घडी वर-खाली करत राहिले. बोलले काही नाहीत.

अक्षरांबद्दल थोडे सांगायला हवे, कारण दोन लिप्यांचे पुस्तक करताना सर्वांत जास्त फजिती इथेच होते. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालीक हवी असते. नस्तालीकचा शब्द उजवीकडून वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरतो, म्हणून तिच्या ओळीला देवनागरीपेक्षा पुष्कळ जास्त उंची लागते. दोन्हींना सारखी जागा दिली तर उर्दू चिरडते, नुक्ते वरच्या ओळीला जाऊन भिडतात. आमच्या लहानपणी हे काम कातिब हाताने करत. 1981 साली नूरी नस्तालीक आली, 1994 साली दिल्लीत तयार झालेले इनपेज आले, आणि कातिबांची बैठक उठली. आता युनिकोडमध्ये नोटो नस्तालीक उर्दूसारखे मोफत टंकही आहेत. पण ज्या सॉफ्टवेअरला उर्दू समजत नाही त्यात मजकूर चिकटवला की अक्षरे सुटी होतात आणि उलट्या क्रमाने उभी राहतात. उर्दू न येणाऱ्या डिझायनरला ते उर्दूच दिसते. मराठीतही जुन्या श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे हलतात. म्हणून डिझायनरला त्या दोन्ही लिप्या यायलाच पाहिजेत असे आम्ही म्हणणार नाही, पण मांडणी झाल्यावर प्रत्येक पान कागदावर छापून लिपी जाणणाऱ्याच्या हातात देण्याची तयारी त्याची हवी. मोबाइलवर प्रूफ पाहू नये. हे आम्ही वर्गणीदारांचे पैसे घालवून शिकलो.

मराठीसाठी तिने मुक्त हा टंक घेतला, शीर्षकांना बालू. दोन्ही एक टाइपचे, दोन्ही मोफत मिळतात. अक्षर मोठे ठेवले आणि ओळ अर्थ तुटेल तिथे तोडली नाही. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवला, रंगीत अक्षर एकही नाही. आधी आम्हाला ते रूक्ष वाटले. मग तिने कारण सांगितले: चार रंगांच्या छपाईला चार प्लेटा लागतात, अक्षरे फक्त काळ्या प्लेटवर असली तर उद्या कन्नड किंवा इंग्रजी आवृत्ती काढताना रंगांच्या तीन प्लेटा तशाच राहतात, फक्त काळी बदलायची. शिवाय रंगांची जुळणी जराशी सरकली तरी अक्षर धूसर होत नाही. मिरजेच्या पलीकडे कर्नाटक सुरू होते, तेव्हा कन्नड आवृत्तीचे हे बोलणे हवेतले नव्हते.

एक बाब नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. जानदारांच्या चित्रांचा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो, आमच्याकडेही निघाला. उलेमांत याबाबत मतभेद आहेत. लहान मुलांच्या बाबतीत हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची हदीस अनेकजण पुढे ठेवतात, काहीजण तरीही परहेज करतात. फतवा देणे हे शिक्षकांचे काम नाही. आम्ही एवढेच केले की हा प्रश्न डिझायनरला पहिल्याच बैठकीत सांगितला, काम झाल्यावर नव्हे. तिने शांतपणे ऐकले आणि वही उघडून दाखवली. तिच्या रेखाटनांत आधीपासूनच हात होते. म्हणाली, मूल कारखान्यात उभं राहिलं तर त्याच्या उंचीला काम करणारे हातच दिसतात, तोंडं वर असतात. बहुतेक पानांवर मग हात, पाठी, अवजारे आणि भोपळे आले. चेहरे दोनच राहिले, मुलीचा आणि दादीचा. ते काढून टाकावेत असे कमिटीतल्या एका चाचांचे म्हणणे होते. आम्ही मान्य केले नाही. दादीच्या चेहऱ्यासाठीच तर पुस्तक केले होते. चाचांनी वर्गणी परत मागितली नाही, पण पुस्तकात आपले नावही छापू दिले नाही. त्यांच्याबद्दलचा आमचा आदर कमी झालेला नाही आणि मतभेदही मिटलेला नाही.

पैशाचे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाशी लेखी करार करायला संकोच वाटतो. कागद काढला की विश्वास नाही का, असे विचारले जाते. पण देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हे तर सूरह बकराच्या 282 व्या आयतीतच आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. पहिल्या डिझायनरशी आमचा कागद नव्हता, म्हणून चूक कुणी भरायची यावर भांडणच झाले. दुसऱ्या वेळी दोन पानांचा कागद केला. रक्कम तीन हप्त्यांत: कच्ची रेखाटने मंजूर झाल्यावर, रंगीत पाने झाल्यावर, छापखान्याला फाइल दिल्यावर. दुरुस्त्या किती वेळा फुकट आणि त्यानंतर काय, तेही लिहिले. मूळ फाइली आमच्याकडे द्यायच्या, नुसती पीडीएफ नव्हे. चित्रे ती तिच्या प्रदर्शनात दाखवू शकेल, पण दुसऱ्या पुस्तकाला देणार नाही. कॉपीराइटचा हक्क लेखी आणि सहीनिशीच दुसऱ्याकडे जातो. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच धरतो. म्हणून आम्ही दोन्ही स्पष्ट लिहिले. आणि तिचे नाव आमच्या नावांच्या बरोबरीने, त्याच आकारात, मुखपृष्ठावर घालायचे ठरले. तिने ते मागितले नव्हते.

घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली असेल. चित्रकाराचा घाम दिसत नाही म्हणून त्याचे बिल सर्वांत शेवटी निघते. छापखाना पैसे घेतल्याशिवाय गठ्ठे सोडत नाही, कागदवाला उधार ठेवत नाही, उरतो तो चित्रकार. तिचा तिसरा हप्ता आमच्याकडूनही आठवडाभर लांबला होता. तिने एकदाही आठवण केली नाही, याचीच जास्त शरम वाटली.

छपाईत एक गंमत झाली. वरून बांधायचे पुस्तक छापखान्याने कधी केले नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे पाने लावली आणि कोरा नमुना जोडून आणला, तर एक पान सुलटे आणि पुढचे पान डोक्यावर उभे. पण हा नमुना छपाईच्या आधीचा होता. तो मागवायचाच, हे डिझायनरने कागदावर लिहून घेतले होते. ती स्वतः छापखान्यात गेली, मशीनवाल्याशेजारी उभी राहून पाने लावून घेतली. पडद्यावर चमकणारा भोपळ्याचा पिवळा रंग कागदावर मळकट येतो हेही तिथेच कळले, तो दोनदा बदलला. कागद चकचकीत नको, मॅट घ्या, असे तिने आधीच सांगितले होते, कारण ट्यूबलाइटखाली चकचकीत कागदावर दादींना अक्षर दिसत नाही. ISBN क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. एकाने आमच्याकडे मागितले होते.

पिना मारण्याच्या आधी, या वेळी, पाने वर्गात नेली. त्याच मुलाला, आता तो पाचवीत गेला होता, पहिल्यांदा दिली. त्याने तंबोऱ्याचे पान जमिनीवर पसरले, गुडघ्यावर बसून खुंट्या मोजल्या, तारा मोजल्या. मग घोडीपाशी बोट ठेवून तारेखालचे सूत शोधले. होते. काही न बोलता त्याने पान पुढच्या मुलीकडे सरकवले.

पुस्तक येऊन आता काही महिने झाले. ज्या दादींनी वाचताना श्वास घेतला तिथे रेघा पडल्या होत्या, त्यांनी परवा नातवाच्या हाती चिठ्ठी पाठवली. चौदाव्या पानावर उर्दूतला एक नुक्ता राहून गेला आहे. खाली नातवाने स्वतःच्या अक्षरात, मराठीत, भर घातली होती: नववे पान, 'भोपळा'चा 'ळ' थोडा खाली गेलाय. दोन्ही तक्रारी आम्ही दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलीत लावून ठेवल्या आहेत आणि कोल्हापूरला फोन करून कळवल्या आहेत.